आकड्यापलीकडचा अन्याय : इराकवरील आर्थिक निर्बंधांच्या टीकेची चिकित्सा

प्रस्तावना

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर लष्करी आक्रमण केले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ संमत करून इराकवर सर्वंकष आर्थिक निर्बंध लादले. क्यूबा व येमेन तटस्थ राहिले. विरोधात एकही मत पडले नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले, तरी निर्बंध उठले नाहीत. एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ नुसार ते शस्त्रनिर्मूलनाच्या अटीशी जोडले गेले व मे २००३ पर्यंत कायम राहिले. या निर्बंधांवर विपुल टीका झाली. प्रस्तुत लेखात त्या टीकेच्या आधाराचीच तपासणी करावयाची आहे.

एका आकड्याचा उदय आणि अस्त

निर्बंधविरोधी युक्तिवादाच्या केंद्रस्थानी बालमृत्यूंचा आकडा होता. १९९९ मध्ये युनिसेफच्या सर्वेक्षणाच्या आधारे, १९९१ ते १९९८ या काळात पाच वर्षांखालील सुमारे ५ लाख बालकांचे मृत्यू टळू शकले असते, असे मांडण्यात आले. मात्र मध्य व दक्षिण इराकमधील हे सर्वेक्षण तेथील शासनयंत्रणेच्या सहभागाने झाले होते. २००३ नंतरच्या सर्वेक्षणांत बालमृत्युदरातील अशी प्रचंड वाढ आढळली नाही. टिम डायसन व व्हॅलेरिया सेतोरेल्ली यांनी २०१७ मध्ये मूळ आकडेवारीत फेरफार झाल्याचा निष्कर्ष मांडला. ज्यांनी आपली संपूर्ण नैतिक भूमिका या आकड्यावर उभारली होती, त्यांचा पाया येथे खचतो.

यंत्रणेचा प्रश्न

तथापि आकडा कोसळला म्हणून निर्बंध निर्दोष ठरतात काय? जॉय गॉर्डन यांच्या 'इनव्हिजिबल वॉर' (२०१०) या ग्रंथाचे महत्त्व येथे जाणवते. त्यांचा भर निर्णयप्रक्रियेवर आहे. निर्बंध समितीचे कामकाज बंद दाराआड व सर्वसहमतीने चाले. त्यामुळे एकटा सदस्यही एखादा करार रोखून धरू शकत असे. या अधिकाराचा सर्वाधिक वापर अमेरिकेने केला. १९९१ च्या बॉम्बवर्षावात वीज व पाणीपुरवठ्याची यंत्रणा उद्ध्वस्त झाली होती. तिच्या दुरुस्तीचे साहित्य मात्र लष्करी उपयोगाच्या संशयावरून अडकून पडे. २००२ पर्यंत रोखलेल्या मालाचे मूल्य सुमारे ५ अब्ज डॉलरवर पोहोचले होते. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे (१९९८) व हान्स फॉन स्पोनेक (२०००) यांनी पाठोपाठ राजीनामे दिले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

राजवटीचा वाटा

दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. मर्यादित तेलविक्रीतून अन्न व औषधे घेण्याचा १९९१ चा प्रस्ताव सद्दाम हुसेन यांनी नाकारला. तशी योजना प्रत्यक्षात येण्यास १९९६ उजाडले. व्होल्कर समितीच्या २००५ च्या अहवालानुसार राजवटीने या योजनेतून सुमारे १.८ अब्ज डॉलर बेकायदेशीरपणे मिळविले. शिवाय सप्टेंबर १९९० पासूनच्या शिधावाटपामुळे प्रत्येक कुटुंब शासनावर अवलंबून राहिले. चलन घसरल्याने शिक्षक व नोकरदार यांचा पगार नाममात्र उरला. सत्तेला आव्हान देऊ शकणारा वर्गच त्यामुळे दुबळा झाला. ज्या सत्तेला नमवायचे होते, तिची समाजावरील पकड घट्ट झाली.

समारोप

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सुरक्षा परिषदेने कोणत्याही देशावर नव्याने सर्वंकष निर्बंध लादलेले नाहीत. व्यक्ती, संस्था व शस्त्रास्त्रे यांपुरत्या लक्ष्यित निर्बंधांकडे ती वळली. हा बदल इराकच्या अनुभवातूनच घडला. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियावर लादलेले व्यापक निर्बंध तर परिषदेबाहेरचे आहेत, कारण रशियाकडे नकाराधिकार आहे. अशा निर्बंधांचे मूल्यमापन करताना मृत्यूंची मोठी संख्या सापडेपर्यंत थांबणे योग्य नव्हे. निर्णय कोण घेतो, तो कोणाला उत्तरदायी असतो आणि उद्देश साध्य झाल्यावर निर्बंध उठण्याची वाट आहे काय, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. इराकच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निर्बंधांच्या विरोधात जातात आणि त्यासाठी ५ लाखांच्या आकड्याची गरज भासत नाही.