समुद्रावरचा संसार

सिन्नरसारख्या गावी राहून समुद्रावरच्या वाङ्मयाविषयी लिहावे, हे थोडे धाडसाचेच आहे. आमची देवनदी पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात नुसती नावाला उरते. सह्याद्रीने अडवून घेतलेल्या पावसाचे जे शिंतोडे पलीकडे उडतात, त्यांवर हा तालुका जगतो. अशा ठिकाणच्या एका निवृत्त मराठीच्या मास्तराने शिडाच्या नौकांच्या गोष्टी बोलाव्यात, याचे वाचकांना हसू आले तर मी राग मानणार नाही. पण त्या गोष्टींनी माझे एक जुने मत माझ्याकडून परत घेतले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा वाचकमंडळात मी कमांडर दिलीप दोंदे यांच्या पुस्तकावर बोललो होतो. दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. मी त्यावर तासभर बोललो आणि शेवटी मोठ्या रुबाबात निकाल दिला : “माणूस थोर, पराक्रम थोर, पण हे साहित्य नव्हे. यात समुद्र कमी आणि दोरखंड, कागदपत्रे, दुरुस्त्या यांचा हिशेबच फार.” मंडळींनी माना डोलावल्या. मास्तरांनी निकाल दिला की आमच्या गावात माना डोलावण्याची रीत आहे.

त्याच आठवड्यात मी ओसरीवर बसून नातवाला त्या सफरीची हकीकत मराठीत सांगत होतो. शेजारच्या आत्याबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होत्या. सिन्नरच्या कितीतरी घरांतून हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दिवसाकाठी हजार विड्या, हे त्यांचे माप. मी वादळाच्या वर्णनाला रंग भरीत होतो. आत्याबाईंचा हात थांबला नाही, पण त्या म्हणाल्या, “गुरुजी, लाटा लई मोठ्या असतील, ते समजलं. पण तो बाबा एकलाच ना? मग झोपायचा कवा? आन्‌ पिण्याचं पाणी किती होतं त्याच्यापाशी?”

मी गडबडलो. ज्या पानांना मी हिशेब म्हणून बाजूला सारले होते, त्याच पानांतून मला उत्तरे शोधावी लागणार होती. साहित्याचा मास्तर मी, आणि पुस्तकाला योग्य प्रश्न विचारला तो आत्याबाईंनी!

माझ्या मताचे मूळ कोठे होते, ते आता उघड सांगितले पाहिजे. मराठी मनात समुद्र शिरला तो कवितेच्या वाटेने. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ‘सागरास’ रचली, तेव्हा कवी किनाऱ्यावर उभा होता आणि समुद्र हा त्याच्याशी वचनभंग करणारा प्रतिपक्षी होता. आमच्याच नाशिकच्या कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ १९४२ च्या ‘विशाखा’मध्ये आले. ते म्हणताना वर्गातली पोरे बाकावर उभी राहायची बाकी असत. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाईंनी ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहिला. पण आगबोटीवर त्या उतारू होत्या. म्हणजे एक कवी काठावर, एक कवी कल्पनेच्या तारवावर आणि एक विदुषी उतारूंच्या डेकवर. सुकाणूवर हात कोणाचाच नाही. यात त्यांचा काही दोष नाही. गर्वगीत हे त्या काळच्या बंडखोर मनाचे गीत आहे. त्यात कोलंबसाने सकाळी काय खाल्ले, याची चौकशी करणे हा शुद्ध अरसिकपणा होईल. दोष आहे तो आमचा. एका थोर कवितेचा सूर आम्ही समुद्रावरच्या सगळ्या लेखनाचे माप करून ठेवला. लाट दिसली की गर्जना झाली पाहिजे, नाहीतर ते वाङ्मय नव्हे!

आत्याबाईंच्या प्रश्नानंतर मी ही पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, आणि सुरुवात मूळ पुरुषापासून केली. जोशुआ स्लोकम हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी. १८९५ ते १८९८ या काळात त्याने ती ‘स्प्रे’ नावाच्या सुमारे ३७ फुटी नौकेतून केली, आणि १९०० साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. या माणसाजवळ उत्तम सागरी घड्याळ होते. पण ते दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडणार, म्हणून त्याने ते घरीच ठेवले आणि वाटेत पत्र्याचे एक साधे घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर होती. तबकडी फुटलेली होती, म्हणून दुकानदाराने एक डॉलरला दिले. पुढे ते बंद पडले, तेव्हा गड्याने ते चक्क पाण्यात उकळून चालू केले. जगाला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाची ही काटकसर वाचताना मला आमच्या बाजारात घासाघीस करणाऱ्या गृहिणींची आठवण झाली.

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. अझोर्स बेटांवरून निघाल्यावर स्लोकम आलुबुखाऱ्यासारखी फळे आणि पांढरे चीज पोटभर खातो, पोटात कळा येऊन खाली आडवा पडतो आणि वर वादळ सुटते. तापाच्या ग्लानीत त्याला दिसते की, सुकाणूवर एक उंच परका माणूस उभा आहे. तो सांगतो, मी कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या. सकाळी पाहावे तो नौका आपल्या मार्गावर नीट चाललेली. पाहा, कोलंबसाचा माणूस येथेही आला. पण गर्वगीत गात आला नाही, अपचनाच्या वाटेने आला! आणि तरीही त्या रात्रीचे एकाकीपण अंगावर येते. किंबहुना त्या फळांमुळे आणि चीजमुळेच ते खरे वाटते.

दुसरे पुस्तक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे. वाटेत कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले. १४ जून १९६८ ला ते इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला तेथेच परतले. त्यांची ३२ फुटी ‘सुहैली’ सागवानाची होती आणि आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. वाटेत टाक्यांतले गोडे पाणी नासले आणि पावसाचे पाणी धरून त्यांना दिवस काढावे लागले. हा मजकूर मी सिन्नरच्या उन्हाळ्यात वाचला. बाहेर हंडे रांगेत लागलेले होते. सभोवती पाणीच पाणी आणि पिण्याला थेंब मोजून, ही कल्पना आमच्या तालुक्याला समजावून सांगावी लागत नाही.

मग नौकेवरचा दिवस असतो तरी कसा? या साऱ्या लेखनातून मला दिसला तो असा. एकटा माणूस सलग झोपत नाही. झोपेचे तुकडे करतो, गजर लावून उठतो, क्षितिजावर जहाज नाही ना, वारा फिरला नाही ना, हे पाहून पुन्हा कलंडतो. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून. खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा नीट वाळत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. ताजी भाजी काही आठवड्यांत संपते. मग उरतात कांदे-बटाटे. ते दर काही दिवसांनी चाळून, नासलेला काढून टाकावा लागतो. आमचा शेतकरी चाळीतला कांदा निवडतो तसाच. हिरवे काही हवे असेल तर मुगाला मोड आणावेत. रोज दोर तपासायचे. कारण दोर वाऱ्याने एकदम तुटत नाही, एका जागी रोज थोडा थोडा घासून तुटतो. आणि हे सारे झाले की वहीत नोंद : ठिकाण, वेग, वारा, हवेचा दाब. पूर्वेकडे जाताना घड्याळ सारखे पुढे करीत न्यावे लागते, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक वार दोनदा येतो. गुरुवारचा उपास करणाऱ्याने तेथे काय करावे, हा प्रश्न मी आमच्या घरातल्या धर्मशास्त्र्यांवर सोपवतो.

आता टीकाकार म्हणून माझे म्हणणे मांडतो. समुद्रप्रवासाचे वाङ्मय हे मुळात संसाराचे वाङ्मय आहे. त्याची लय गर्जनेची नाही, पुनरावृत्तीची आहे. आणि पुनरावृत्तीतून वाङ्मय होत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या जात्यावरच्या ओव्या विसराव्या लागतील. जाते तेच, दळण तेच; तरी हात फिरता फिरता बाई आपले सारे आयुष्य त्यात ओतून गेली. नौकेच्या वहीतही तसेच होते. रोज भरणाऱ्या रकान्यात एखाद्या दिवशी नोंदच नसली, की त्या कोऱ्या जागेत वादळ दिसते. ते शब्दांनी रंगवलेल्या लाटेपेक्षा जास्त भिववते.

मात्र प्रत्येक यादी म्हणजे साहित्य, असे मी म्हणत नाही. घासलेल्या दोराची नोंद वाङ्मय होते ती त्या दोरावर माणसाचा जीव टांगलेला असतो म्हणून, आणि लेखक हे मोठ्याने न सांगता आपल्याला जाणवू देतो म्हणून. या कसोटीवर दोंदे यांचे पुस्तक मी पुन्हा घासून पाहिले. फलटणजवळच्या विंचुर्णीत स्थायिक झालेले निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी या मोहिमेचा ध्यास घेतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ५६ फुटी नौका बांधतात. आणि प्रवास सुरू होण्यापूर्वीच पुस्तकाची कितीतरी पाने खर्ची पडतात. पूर्वी मला हा पाल्हाळ वाटला. आता वाटते, घर बांधण्याची गोष्ट वगळून त्या घरातल्या संसाराची गोष्ट सांगता येत नाही. माझा निकाल चुकला होता.

तरीही माझी एक तक्रार उरतेच, आणि ती एका पुस्तकापुरती नाही. एकट्याच्या सफरीत भांडायला समुद्राखेरीज कोणी नसते. पण २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, गोव्याला परतल्या. २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा पुरी केली. सहा माणसे एवढ्याशा जागेत आठ महिने. तेथे कोणाचा पहारा लांबला, कोणी कोणावर रुसले, कोणी न बोलता दुसरीच्या वाटची भांडी घासली, यातच खरी कादंबरी आहे. मोहिमांविषयीचे लेखन या ठिकाणी फार सभ्य होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकाला ती सभ्यता पटत नाही. पराक्रम कमी होईल या भीतीने रुसवे वगळू नयेत. रुसवा गिळून पहाटे तीनला उठून शीड आवरणे, हाही पराक्रमच आहे.

आणि दुसरी तक्रार भाषेची. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये वाटेत न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली, आणि आपला अनुभव मल्याळममध्येही लिहिला. आमच्या दोंद्यांनी लिहिले ते इंग्रजीत. त्यांना मी दोष देत नाही. ज्या भाषेत कामकाज चालते, त्याच भाषेत वही भरते. पण शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, तांडेल, उधाण, खारे वारे, मतलई वारे, हे शब्द आपल्या कोकणच्या खलाशांनी घडवले. त्या खलाशांच्या हाती लेखणी नव्हती. आता जे समुद्रावर जातात त्यांच्या हाती लेखणी आहे. त्यांनी ती या शब्दांच्या दौतीत बुडवली नाही, तर हे शब्द कोशात जाऊन निजतील. गर्वगीत आपल्यापाशी आहे. हवी आहे ती मराठीत लिहिलेली रोजची वही.

‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाली आणि २३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला लागली. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते. म्हणजे त्या सहाजणींची दिवाळी भर हिंदी महासागरात झाली. हे मी आत्याबाईंना सांगितले तेव्हा त्या ओसरीवर पणत्यांच्या वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “बया! आन्‌ वाऱ्यात पणती कशी टिकवली असंल पोरींनी?”

समुद्रावरचे नवे पुस्तक हाती आले की आता मी प्रथम याच प्रश्नाचे उत्तर त्यात शोधतो.