‘तारे जमीन पर’ पुन्हा पाहताना : रंग आणि न दिसणारे कष्ट

(गडचांदूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक आहे. माझ्या हातात ही चार रंगांची कार्डं आहेत, ती तुम्हाला दिसत असतील. कशासाठी आहेत ते पुढे सांगतो.

पत्रिकेत विषय जरा मोठा छापलाय, ‘सर्जनशीलता, रंग आणि निराळा मेंदू’. एवढं सगळं एका संध्याकाळी मला झेपणार नाही. मी एकच सिनेमा घेतो. इथल्या बहुतेकांनी तो पाहिलाय आणि शिक्षकांनी तर दोन-तीनदा पाहिला असेल. ‘तारे जमीन पर’. २१ डिसेंबर २००७ ला आला. मी चित्रकला शिक्षक. आमच्या जमातीला या सिनेमाने जेवढा मान दिला तेवढा कुठल्याच सिनेमाने दिला नाही. नायक चित्रकलेचा मास्तर, आणि आडनाव निकुंभ, म्हणजे आपल्याकडचंच! थिएटरमधून बाहेर पडलो तेव्हा छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. रडलोही होतो. पण त्यानंतरच्या काही वर्षांत या सिनेमाशी माझं भांडण सुरू झालं. ते भांडण आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी त्याचं मोठेपण. अमोल गुप्ते यांचं लेखन, मूळ कल्पना दीपा भाटिया यांची, दिग्दर्शन आमिर खानचं. कल्पनेचं बीज जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या बालपणात होतं. शाळेत मागे पडलेला मुलगा, आणि त्याच्या चित्राकडे नीट बघणारा एक शिक्षक. हा सिनेमा आला तेव्हा आपल्या देशाच्या अपंगत्वाच्या कायद्यात डिस्लेक्सियाचं नावसुद्धा नव्हतं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात हा नव्हता. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती, पण ते कुणाला माहीत होतं? देशाच्या कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली ती २०१६ साली, एकवीस प्रकारांमध्ये. म्हणजे कायद्याच्या नऊ वर्षं आधी हा शब्द घराघरांत पोचला तो एका सिनेमामुळे. हे ऋण मोठं आहे. भांडतोय ते ऋण मान्य करूनच.

आता तीन प्रसंग आठवा.

पहिला, गणिताच्या पेपरचा. तीन गुणिले नऊ. ईशान डोळे मिटतो आणि अंतराळात जातो. तिसरा ग्रह पृथ्वी, नववा ग्रह प्लुटो. पृथ्वी जाऊन प्लुटोवर आदळते, प्लुटोचा चुराडा. उत्तर तीन! सगळं थिएटर हसतं. आम्हीही हसलो. पण बघा, हा मुलगा आळशी नाहीये. एका गुणाकारासाठी त्याने जेवढी मेहनत घेतली तेवढी पहिल्या नंबरच्या पोरानेही घेतली नसेल. पेपरवर मात्र उतरतो एक आकडा, तोही चुकीचा.

दुसरा प्रसंग निकुंभ ईशानच्या घरी जातो तो. वडिलांच्या हातात तो एक खोका देतो, त्यावरचा मजकूर परक्या भाषेतला. वाचा म्हणतो. वडील म्हणतात, येत नाही. निकुंभ त्यांनाच रागावतो, मुद्दाम करताय म्हणून. अर्ध्या मिनिटात त्या बापाला मुलाच्या जागी बसवलं. याच ओघात निकुंभ सांगतो की ‘मला जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मी करत नाही’ म्हणणं मुलाला सोपं जातं. मस्ती, उद्धटपणा हे सगळं पांघरूण असतं.

या ठिकाणी थोडं माझं सांगतो.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन तेव्हाची गोष्ट. डोळे उत्तम, चष्म्याचा नंबर नाही. तरी एसटी स्टँडवर, पोस्टात, बँकेत मी एक वाक्य म्हणायचो : ‘‘भाऊ, चष्मा घरी राहिला, जरा वाचून सांगता का?’’ तीस वर्षं मी न घेतलेला चष्मा विसरतोय! वर्गात हजेरी मी घ्यायचो नाही, मॉनिटरला घ्यायला लावायचो. मुलांना वाटायचं सर लोकशाहीवादी आहेत. फळ्यावर शब्द लिहायची वेळ आली की चित्र काढायचो. मुलांना वाटायचं सर कलावंत आहेत. स्टाफ मीटिंगला परिपत्रक वाचायची पाळी येणार असं दिसलं की आदल्या दिवशी ते बायकोकडून वाचून घेऊन पाठ करायचो. या सगळ्याला काहीतरी नाव आहे हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि ही कार्डं. पांढरं प्रस्तावनेचं, हिरवं सिनेमाचं, पिवळं माझ्या स्वतःचं, लाल आपल्या भागाचं. त्यावर शब्द फार थोडे आहेत, खुणाच जास्त. रंग बघितला की मी कुठे आहे ते कळतं. डाव्या मनगटाला हा दोरा आहे तो देवाचा नाही हो, डावा हात कुठला हे समजावं म्हणून.

सांगायचं हे की माझ्या आयुष्यात रंग म्हणजे काठी आहे. प्रतिभा वगैरे नंतरची गोष्ट. आंधळ्या माणसाच्या हातात असते तशी काठी. आणि ती काठी आहे हे कुणाला दिसू नये म्हणून वेगळे कष्ट, ते निराळेच. संध्याकाळी घरी आलो की बोलायचं त्राण उरायचं नाही. बायकोला वाटायचं हा माणूस शाळेत सगळ्यांशी गोड आणि घरात मुका. स्वमग्न प्रौढांबद्दलही हेच सांगतात. लंडनमधल्या लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ९२ स्वमग्न प्रौढांना विचारून लिहिलंय, की चारचौघांसारखं दिसण्याची ही कसरत माणसाला पार थकवून टाकते. माझी अडचण वेगळी, त्यांची वेगळी. पण थकवा ओळखीचा वाटला. अशा सगळ्यांना मिळून आता न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. मेंदूची चाल निराळी असलेली माणसं, एवढंच समजा.

तर आता भांडण. सिनेमाच्या शेवटी चित्रांचा मेळावा आहे. सगळे शिक्षक चित्रं काढतात, वेडीवाकडी काढतात, पोरं हसतात. फार गोड प्रसंग आहे. परीक्षक म्हणून ललिता लाजमी स्वतः येतात, खऱ्याखुऱ्या चित्रकार. ईशान तळ्याचं चित्र काढतो, निकुंभ ईशानचं. ईशान जिंकतो. चित्र शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर येतं.

मी विचारतो, आणि हरला असता तर?

तसं बघा, सिनेमा आपल्याला काय सांगतो? प्रत्येक मूल वेगळं असतं, त्याची तुलना करू नका. आणि हे सांगायला तो काय भरवतो? स्पर्धा! बापाने मोठ्या मुलाला टेनिसमध्ये जिंकायला लावलं ते वाईट, आणि मास्तरने धाकट्याला चित्रात जिंकायला लावलं ते चांगलं, असं कसं? वर्गात निकुंभ आइनस्टाइन, लिओनार्दो, एडिसन यांची यादी सांगतो. मुलाला धीर द्यायला ठीक आहे. पण त्या यादीमागे एक हिशेब लपलाय. तुला वाचता येत नाही ना, मग त्या बदल्यात दुसरं काहीतरी अचाट दे, म्हणजे आम्ही तुला माफ करू. ही किंमत झाली. २०१४ च्या ‘यलो’ या मराठी सिनेमातही हेच आहे, तिथे बक्षीस जलतरणाचं. डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ यांनी त्यात स्वतःचीच भूमिका केली. त्यामुळे त्या सिनेमाला एक सच्चेपणा आहे, तो ‘तारे’मध्ये येऊ शकत नव्हता. त्यांचं पोहणं खरं होतं, पदकंही खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्या गोष्टी सांगण्याच्या सवयीबद्दल आहे. पदक आल्याशिवाय आपली गोष्ट संपतच नाही.

अजून एक गोष्ट, चित्रकला शिक्षक म्हणून. ईशानचं ते शेवटचं चित्र, आणि सिनेमातली जलरंगाची इतर कामं, समीर मोंडल यांची. जलरंगातला मोठा माणूस, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. त्यांनी शाळकरी मुलांबरोबर कार्यशाळा घेतली आणि मुलांच्या चित्रांतल्या गोष्टी त्यात आणल्या, हे त्यांचं चांगुलपण. पण पडद्यावर बसलेलं चित्र पक्क्या हाताचं आहे. सिनेमानंतर माझ्याकडे पालक यायला लागले. सर, याला वाचता येत नाही, मग याला चित्र येत असेल ना? मी पोराच्या हातात ब्रश द्यायचो. एक होता, त्याला चित्राचा मनापासून कंटाळा. ढोरांमागे जायला आवडायचं, शिट्टी छान वाजवायचा. बाप माझ्याकडे असा बघायचा, जणू आता शेवटची आशाही गेली. त्या लेकराला वाचण्यात नापास केलंच होतं, या सिनेमानंतर आम्ही त्याला रंगातही नापास केलं.

आणि वाचायला शिकण्याचं काय? मातीत अक्षरं करणं, वाळूत गिरवणं, पायऱ्यांवर उड्या मारत बेरीज, हे सगळं सिनेमात आहे, बरोबर आहे, पण ते झपाझप जातं. ज्यांनी एक तरी असं मूल शिकवलंय त्यांना विचारा. ‘भ’ आणि ‘म’ वेगळे आहेत हे सोमवारी कळतं, गुरुवारी पुन्हा पुसलं जातं. महिने जातात. मेळाव्याला सिनेमाने भरपूर वेळ दिला आणि या महिन्यांना काही मिनिटं.

शिवाय ईशानच्या वहीतल्या चुका इंग्रजीतल्या आहेत. उलटी अक्षरं, चुकलेली स्पेलिंगं. ते बघून आपले शिक्षक मराठी वहीत उलटी अक्षरं शोधत बसतात. आपल्या लिपीचे खाचखळगे वेगळे आहेत. ‘कि’ घ्या. डोळ्याला पहिली वेलांटी आधी भेटते, जिभेला ‘क’ आधी लागतो. ‘र’ तर बहुरूपी! ‘सूर्य’ मध्ये डोक्यावर, ‘चक्र’ मध्ये पायाशी. ‘घ’-‘ध’, ‘ब’-‘व’ हे एका रेघेचे शेजारी. आणि आकडे? आपण ‘सदतीस’ म्हणतो, सात आधी, तीस नंतर. लिहितो तीन आधी. लेकरू ऐकलं तसं लिहितं, ७३. इथून तेलंगण किती लांब आहे? ज्याच्या घरी तेलुगू आहे तो आधी तीस ऐकतो, मग सात. शाळेत आल्यावर सगळं उलटं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली, आठवतंय? भाषा बुडाली म्हणून ओरड झाली. मला आठवतं, मी एकटा स्टाफरूममध्ये गप्प बसलो होतो. माझ्या लहानपणी हे असतं तर, असं मनात आलं, पण बोलायची हिंमत झाली नाही. बोललो असतो तर चष्म्याचं बिंग फुटलं असतं.

लाल कार्ड. आपला भाग. ईशानचे वडील पैसेवाले आहेत, मुलाला दूरच्या बोर्डिंगात पाठवू शकतात. ते पाचगणीचं चित्रण आहे. आपल्या कोरपना-जिवती भागातलं पोर घरी गोंडी बोलतं, कोलामी बोलतं, गोरमाटी बोलतं. शाळेत मराठी. ते वाचताना अडखळलं तर कशामुळे? भाषा नवी म्हणून, की अक्षरच डोळ्यासमोर ठरत नाही म्हणून? हे ओळखायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो आणि वेळ लागतो. आपण मात्र दोन्हीचं एकच निदान करतो, ‘डोक्यानं मंद’. नागपूर इथून दोनशे किलोमीटरच्या घरात. दोन दिवसांची मजुरी बुडवून बाप लेकराला तपासायला नेईल, हे घडायला आधी कुणीतरी त्याला सांगावं लागेल की हा मंद नाही.

आणि अशा लेकराकडे पांघरूण म्हणून ईशानसारखी मस्ती नसते. ते गप्प बसतं. मागच्या बाकावर, शहाण्यासारखं. आपण त्याच्या वागणुकीला ‘उत्तम’ शेरा देतो.

तिसरा प्रसंग राहिला. मुद्दाम मागे ठेवला होता. वडील बोर्डिंगात येतात, निकुंभशी बोलतात आणि परत निघतात. जाताना त्यांना ईशान दिसतो, नोटीस बोर्डासमोर एकटा उभा. एकेक अक्षर जोडत वाचतोय. अडखळतोय. बापाचे डोळे भरतात, तो तसाच निघून जातो. काही क्षणांचा प्रसंग आहे. तिथे बक्षीस नाही, परीक्षक नाही, रंग नाही. एक मुलगा भिंतीवरचा कागद वाचतोय आणि त्याला वाटतंय की आपल्याला कुणी बघत नाही. अख्ख्या सिनेमात माझी जागा तिथे आहे. मी आजही प्रत्येक कागदासमोर असाच उभा राहतो. दिग्दर्शकाला ही जागा सापडली होती. तरी पुढे त्याला मेळावा का लागला, हे मला आजही पटलेलं नाही. लोकांना लागतो म्हणून असेल. पहिल्या वेळी मलाही लागला होताच, मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

कार्डं संपली. प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, पण चिठ्ठ्या पाठवू नका. उभं राहून तोंडी विचारा. चष्मा घरी राहिलाय असं आज मला म्हणायचं नाहीये.