शांताराम : भरती आणि ओहोटी

कलावंताची कीर्ती अबाधित राहते आणि त्याची कला मात्र हळूहळू क्षीण होत जाते, हे दृश्य रसिकाच्या मनाला मोठे चमत्कारिक वाटते. गेल्या महिन्यात आमच्या घरी लागोपाठ दोन रात्री दोन जुने चित्रपट पाहण्याचा योग आला. पहिला १९३७ चा ‘कुंकू’, दुसरा १९५९ चा ‘नवरंग’. दोहोंचे दिग्दर्शक एकच, व्ही. शांताराम. पहिल्या रात्री घरातील तरुण मंडळी थट्टेच्या तयारीनेच बसली होती. अर्ध्या तासात ती निमूट झाली. दुसऱ्या रात्री रंग, नृत्ये, सजावट, कशाचीच वाण नव्हती. परंतु तीच मंडळी एकेक करून उठून गेली. ‘बाबा, या माणसाला मध्यंतरी झाले तरी काय?’ असे माझ्या मुलीने विचारले. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

पहिले सुचणारे उत्तर वयाचे. पण ते टिकत नाही. शांताराम १९०१ साली जन्मले. ‘दो आँखें बारह हाथ’ त्यांनी पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढेमागे निर्माण केला आणि ‘पिंजरा’ सत्तरीत. दुसरे उत्तर असे की, त्यांचे कसब गेले. तेही खरे नव्हे. दृश्याची मांडणी आणि कॅमेऱ्याची चाल यांवरील त्यांची हुकमत उत्तरोत्तर वाढतच गेली; ‘नवरंग’मधील होळीच्या नृत्याची योजना अडाणी माणसाला साधणारी नव्हे. तिसरे उत्तर धंद्याचे. परंतु ‘प्रभात’लाही तिकिटे विकूनच जगावयाचे होते. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

‘कुंकू’त काय आहे ते आधी पाहू. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा नावाच्या मुलीला फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती त्याला पती मानण्याचे साफ नाकारते. कथा एवढीच. पण काकासाहेब येथे खलपुरुष नाहीत. केशवराव दाते यांनी उभा केलेला हा म्हातारा हास्यास्पद आहे, हट्टी आहे आणि शेवटी केविलवाणाही आहे. त्याला आपली चूक उमगते ती उपदेशाने नव्हे, तर त्या घरातील दिवसांच्या नुसत्या ओझ्याने. भिंतीवरचे जुने घड्याळ हे ओझे मोजीत राहते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे जे आवाज खरोखर ऐकू यावेत तेवढेच ऐकू येतात, आणि नीरा गाते तेव्हा साथही ग्रामोफोनची. एवढा संयम त्या काळात दुर्मीळ होता, आजही आहे.

हा संयम एकट्या शांतारामांचा होता काय? माझ्या मते नव्हता. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन झाली ती भागीदारांची संस्था म्हणून. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेली मंडळी. भांडवलाच्या बाजूने सीतारामपंत कुलकर्णी त्यांना येऊन मिळाले. ध्वनीचे खाते दामल्यांकडे, कलामांडणी फत्तेलालांकडे. हे कोणी नोकर नव्हते; शांतारामांच्या बरोबरीचे धनी होते, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करून त्यांनी आपले स्वतंत्र सामर्थ्यही सिद्ध केले होते. अशा संस्थेत एकाच्या कल्पनेला इतरांच्या पसंतीतून पार व्हावे लागते. हौस म्हणून घुसवलेला प्रसंग तेथे सहजासहजी टिकत नाही. १९३९ चा ‘माणूस’ आणि १९४१ चा ‘शेजारी’ हे चित्रपट याच चाळणीतून आले. एकात पोलीस शिपाई आणि वेश्या, दुसऱ्यात एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा. दोन्हीकडे माणसे आधी आणि सिद्धांत मागाहून.

१९४२ साली शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि मुंबईस परळला त्यांनी ‘राजकमल’ उभे केले. नाव मातापित्यांच्या नावांवरून, राजाराम आणि कमला. येथे ते मालक, निर्माते, दिग्दर्शक आणि प्रसंगी नायकही होते. आरंभीची पुण्याई काही वर्षे पुरली. सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांवरील १९४६ चा चित्रपट आणि पुढच्याच वर्षीचा ‘लोकशाहीर रामजोशी’ ही त्याची साक्ष. पुढे १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ आला. टेक्निकलरचे रंग आणि गोपीकृष्णांचे नृत्य पाहण्यासाठी लोक अक्षरशः लोटले. येथून पुढे अलंकार हाच देह झाला.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९६१ चा ‘स्त्री’. शकुंतलेची कथा शांतारामांनी १९४३ साली पडद्यावर आणली होती, आणि तेव्हा दुष्यंत होते चंद्रमोहन. अठरा वर्षांनी तीच कथा त्यांनी पुन्हा घेतली आणि दुष्यंत स्वतः झाले, साठीच्या उंबरठ्यावर! ज्या दिग्दर्शकाने ‘कुंकू’त तरुणीशी संसार मांडणाऱ्या वृद्धाची विटंबना इतक्या मर्मज्ञतेने दाखवली, त्याला हे दिसू नये? त्याला दाखवून देणारे त्याच्या बरोबरीचे कोणी मांडवात उरले नव्हते, एवढाच याचा अर्थ. पगारी माणूस धन्याला असे सांगत नसतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ही ‘राजकमल’चाच ना? शिवाय त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर दोन वर्षांनी ‘नवरंग’चेही लेखक होतेच. मग एक चढतो आणि दुसरा कोसळतो, हे कसे? मला वाटते, येथे भागीदाराचे काम विषयाने केले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ती कथा सुचली. सहा खुनी कैदी, एक उजाड माळ आणि एक जेलर. या सामग्रीत झुंबरे टांगावयास जागाच नाही. ‘झनक झनक’च्या रंगांनंतर शांताराम पुन्हा कृष्णधवलाकडे वळले ते या विषयामुळेच. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याचा गौरव झाला तो उगाच नव्हे. उलट ‘नवरंग’चा नायक कवी आहे आणि पत्नीच्या जागी स्वप्नसुंदरी पाहतो, म्हणजे वाटेल ती आतषबाजी त्या स्वप्नाच्या नावावर खपते. विषयानेच मोकळीक दिली आणि दिग्दर्शक वाहवत गेला. १९७२ च्या ‘पिंजरा’तही हाच न्याय दिसतो. तमाशाच कथेचा गाभा असल्यामुळे नृत्य तेथे उपरे राहत नाही, आणि श्रीराम लागूंचा मास्तर व शंकर पाटलांची रांगडी भाषा सारे काही जमिनीवर ठेवतात.

आणखी एक गोष्ट न्यायासाठी सांगितली पाहिजे. शांताराम गेल्यावर ‘प्रभात’ने १९४४ साली ‘रामशास्त्री’ दिला, तरी ती संस्थाही पुढे फार काळ तगली नाही. १९५३ साली ती बंद पडली. म्हणजे भागीदारांनी त्यांना आवरले तसे त्यांनीही भागीदारांना चालना दिली होती. फुटीत दोघांचेही नुकसान झाले.

राहता राहिलो आपण प्रेक्षक. ‘झनक झनक’ला गर्दी आपणच केली, आणि पुढे कीर्तीचा धाक वाटू लागल्यावर खाजगीत हसून चारचौघांत ‘अण्णासाहेबांची गोष्टच निराळी’ असे म्हणणारेही आपणच. १९८५ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तो सर्वथा योग्यच होता. १९९० साली ते निवर्तले तेव्हा झालेली हळहळही खरी होती. परंतु आदर आणि स्तुती या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपण विसरलो. तुकोबांना निंदकाचा शेजार हवासा वाटला, त्यात केवळ संताची नम्रता नव्हती, व्यवहारही होता. ‘शेजारी’ हा शांतारामांचा ‘प्रभात’मधील शेवटचा चित्रपट. त्यानंतर तसा शेजार त्यांना लाभला नाही; आणि दुरून का होईना, तो आपण देऊ शकलो असतो.

मुलीला मी एवढेच सांगितले, ‘त्यांना झाले काही नाही. कोणी “नको” म्हणणारे उरले नाही.’ रविवारी आम्ही ‘माणूस’ पाहणार आहोत.