‘वॉल्डन’मधील स्वावलंबनाची खतावणी : एक चिकित्सा

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७-१८६२) याचा ‘वॉल्डन’ हा ग्रंथ ऑगस्ट १८५४ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झाला. साधी राहणी, स्वावलंबन, निसर्गसान्निध्य यांची चर्चा निघाली की या ग्रंथाचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. मराठीत दुर्गा भागवत यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने त्याचा अनुवाद केला. पुढे आणीबाणीत सत्तेला उघड विरोध करून कारावास पत्करणाऱ्या लेखिकेने, अन्याय्य राज्यसत्तेला कर नाकारून तुरुंगात रात्र काढणाऱ्या थोरोला मराठीत आणावे, यात एक आंतरिक संगती आहे. तथापि ‘विचारविहार’ हा शब्द ग्रंथाच्या ज्या अंगाकडे बोट दाखवतो, तेच अंग मराठी वाचनात प्रबळ ठरले. थोरो हा आपल्याला तळ्याकाठचा ऋषी वाटतो, त्याचे घर पर्णकुटी वाटते आणि त्याचा तेथील वास म्हणजे अकाली घेतलेला वानप्रस्थ वाटतो. त्या वाचनात ग्रंथाचे पहिले आणि सर्वांत दीर्घ प्रकरण मागे पडते. त्या प्रकरणाचे नाव ‘इकॉनॉमी’ असे असून त्यात जमाखर्च मांडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या जमाखर्चाची तपासणी करावयाची आहे.

प्रथम घर. ते पर्णकुटी नव्हते. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, लाकडी फळ्यांचे, खाली तळघर असलेले, पुढे विटांचे धुराडे आणि आतून गिलावा झालेले ते घर होते. मार्च १८४५ च्या अखेरीस उसन्या कुऱ्हाडीने थोरोने पाइनची झाडे तोडण्यास आरंभ केला. कुऱ्हाड परत करताना ती घेतली त्याहून अधिक धारदार होती, हे तो आवर्जून नोंदवतो. मुख्य तुळया त्याने सहा इंच चौरस घडवल्या. घराचा सांगाडा उभा करताना परिचितांनी हात लावला. ४ जुलै १८४५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो तेथे राहावयास गेला तेव्हा धुराडे बांधलेले नव्हते आणि गिलावाही झालेला नव्हता. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डचा विद्यार्थी याहून किंचितच मोठ्या खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे देतो, ही त्याची टिप्पणी आजच्या वसतिगृहांच्या शुल्काशी परिचित असणाऱ्या अध्यापकवर्गाला विशेष भावेल.

शेतीचाही हिशेब असाच काटेकोर आहे. पहिल्या वर्षी सुमारे अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला. खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटपर्यंत उतरणारी ही नेमकी आकडेमोड केवळ प्रामाणिकपणाची खूण नव्हे. व्यापारी संस्कृतीच्या वहीखात्याची ती नक्कल आहे आणि नक्कल करता करता त्या संस्कृतीवर उलटवलेले शस्त्रही आहे. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी द्यावा लागणारा आयुष्याचा अंश, हे थोरोचे प्रमेय आहे. डॉलर आणि सेंट हे त्या प्रमेयाचे केवळ दृश्य रूप होय. रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी दिवसभर मजुरी करणाऱ्यापेक्षा पायी निघालेला माणूस आधी पोहोचतो, हा त्याचा युक्तिवाद याच प्रमेयावर उभा आहे. स्वावलंबन म्हणजे सर्व वस्तू स्वतः तयार करणे नव्हे, तर गरजा कमी करून आपला वेळ परत मिळवणे, असा अर्थ तो लावतो. या अर्थाची ताकद आजही ओसरलेली नाही.

थोरोवर घेतला जाणारा ठरावीक आक्षेप येथे बाजूला सारणे इष्ट. तो अरण्यात नव्हताच, कॉन्कर्ड गाव जेमतेम दीड मैलावर होते, तो वारंवार घरी जेवावयास जाई, कपडे धुवावयास आईकडे देई, असे म्हटले जाते. यात बहुतेक तथ्य आहे; पण त्यातून ढोंग सिद्ध होत नाही, कारण थोरोने काहीच लपवलेले नाही. धुणे आणि शिवणटिपण बहुतांशी घराबाहेर झाले व त्यांची बिले अद्याप आली नाहीत, असे तो हिशेबातच नमूद करतो. वाक्य विनोदी आहे. मात्र टीकाकाराने थांबावयाचे ते याच विनोदापाशी. नांगरणीसाठी भाड्याने घेतलेली जोडी आणि माणूस खर्चात येतो, कारण त्याचे पैसे मोजावे लागले. घरातील स्त्रियांचे श्रम खर्चात येत नाहीत, कारण त्यांचे बिल कधी येतच नाही. जमीन मित्र राल्फ वाल्डो एमर्सन याची. तिचे भाडे नाही, म्हणून तीही नाही. बाजाराच्या मूल्यमापनावर आघात करणारी ही खतावणी काय मोजावे आणि काय वगळावे हे मात्र बाजाराच्याच नियमाने ठरवते. ग्रंथातील खरी विसंगती ही आहे. धुण्यावरून होणारी थट्टा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

खर्चाच्या यादीतील पहिलीच नोंद फळ्यांची आहे : ८ डॉलर साडेतीन सेंट. त्यांतील बहुतेक फळ्या जुन्या झोपडीच्या. फिचबर्ग रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी थोरोने ४ डॉलर २५ सेंटना विकत घेतली. पैसे त्याच रात्री द्यावयाचे आणि कुटुंबाने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जागा सोडावयाची, असा करार ठरला. सहा वाजता थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटले. अंथरूण, कॉफीची चक्की, आरसा, कोंबड्या, सगळा संसार बरोबर होता. मागे राहिली फक्त मांजर. ती रानात शिरली, रानटी झाली आणि पुढे दुसऱ्याच जनावरासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून मेली. हा मजकूर थोरोने ज्या तटस्थ, किंचित मिश्कील स्वरात लिहिला आहे, तो स्वर वाचकाला अस्वस्थ करतो. रेल्वेमार्ग झाला, मजुराची गरज संपली, त्याचा निवारा मोडला आणि त्याच फळ्यांतून स्वावलंबनाचे प्रतीक उभे राहिले. कॉलिन्स कुटुंब कोठे गेले, याची ग्रंथात वास्तपुस्त नाही.

‘बेकर फार्म’ या प्रकरणात हीच उणीव उघडी पडते. पावसापासून आसरा शोधत थोरो जॉन फील्ड या आयरिश मजुराच्या झोपडीत शिरतो. फील्ड एकरी दहा डॉलर दराने शेतकऱ्याची पाणथळ कुरणे कुदळ-फावड्याने उलथून देतो. चहा, कॉफी, लोणी, मांस सोडलेस तर एवढे राबावे लागणार नाही, असा उपदेश थोरो त्याला करतो. गणित बरोबर आहे. मात्र ते एकट्या, अविवाहित, हार्वर्डमध्ये शिकलेल्या आणि पाठीशी घर असलेल्या माणसाचे आहे. पत्नी व मुले असलेल्या स्थलांतरिताला ते लागू पडत नाही. सबंध ग्रंथात थोरो इतका उथळ अन्यत्र क्वचितच वाटतो.

आणि तरीही याच ग्रंथात ‘फॉर्मर इनहॅबिटंट्स’ या भागाची पाने आहेत. थोरोच्या आधी वॉल्डनच्या रानात राहून गेलेल्या माणसांची ती स्मरणे आहेत. केटो इंग्रॅहम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन हे एकेकाळचे गुलाम. मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरी १७८० च्या दशकात न्यायालयीन निर्णयांमुळे संपुष्टात आली. परंतु मुक्त झालेल्यांना सुपीक जमीन कोणी दिली नाही. ज्या रेताड रानाचा कोणाला उपयोग नव्हता, तेथेच त्यांना राहू दिले गेले, हे एलिस लेमायर यांनी ‘ब्लॅक वॉल्डन’ (२००९) या अभ्यासात सविस्तर दाखवले आहे. झिल्फा गावकऱ्यांसाठी सूत कातून एकटी जगत असे. १८१२ च्या युद्धात सुटकेच्या शब्दावर मोकळे सोडलेल्या इंग्रज कैद्यांनी तिचे घर जाळले. आत तिची मांजर, कुत्रा आणि कोंबड्याही जळाल्या. केटोने म्हातारपणासाठी अक्रोडाची झाडे राखली होती. ती अखेरीस एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या हाती गेली.

या माणसांचे स्वावलंबन थोरोहून अधिक कठोर आणि अधिक दीर्घ होते; मात्र ते त्यांनी निवडलेले नव्हते. थोरो दोन वर्षे, दोन महिने व दोन दिवसांनी, ६ सप्टेंबर १८४७ रोजी, गावात परतू शकला. झिल्फेला परतावयास गाव नव्हते. कॉन्कर्ड टिकले आणि ही छोटी वस्ती का उजाड झाली, हा प्रश्न थोरोला पडतो. टोपल्या, चटया, सूत, मडकी यांचे व्यवसाय येथे का बहरले नाहीत, असेही तो विचारतो. प्रश्न अत्यंत मोलाचा आहे, पण उत्तराच्या दिशेने तो एक पाऊलही टाकत नाही. निसर्ग आता आपल्यापासून पुन्हा वसाहतीचा प्रयोग करील, अशी कल्पना करून तो पुढे सरकतो. येथे एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्या तळघरांचे खड्डे पाहून ही नावे लिहून ठेवण्याची गरज त्याला वाटली, म्हणूनच पुढील संशोधकांना हा धागा सापडला.

थोरोचा पुढील प्रवासही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १८५७ साली मेनच्या अरण्यात तो जो पोलिस या पेनॉबस्कॉट आदिवासी वाटाड्यासह हिंडला. हे वृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८६४ मध्ये ‘द मेन वुड्स’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. रानात जगण्याचे प्रत्यक्ष कौशल्य, म्हणजे होडी वाहणे व दुरुस्त करणे, वनस्पतींचे उपयोग ओळखणे, वाट काढणे, हे वॉल्डनपेक्षा येथे अधिक आहे आणि ते बहुतांशी पोलिसच्या हातचे आहे. तुला येते ते मला सांग, मला येते ते मी तुला सांगतो, असा करार थोरो त्याच्याशी करतो. पोलिसच्या बोलण्याची, त्याच्या हट्टांची, त्याच्या झोपेचीसुद्धा नोंद तो ठेवतो. हिशेबही आहे : दिवसाला दीड डॉलर मजुरी आणि होडीचे आठवड्याला पन्नास सेंट.