ढोलकपूरचा भीम

गेल्या चौदा एप्रिलला मेहकर तालुक्यातील आमच्या गावी मिरवणूक निघायची होती. माझा सहा वर्षांचा भाचा निळा झेंडा घेऊन विहाराच्या पायरीवर उभा होता. कोणीतरी कौतुकाने विचारले, "आज कोनाचा वाढदिवस हाय रे?" "भीमचा." "कोन्या भीमचा?" "लाडूवाल्या." सारे हसले, मीही हसलो. माय तेवढी हसली नाही. शेतात निंदण करताना तिने आयुष्यभर ज्याची गाणी म्हटली, त्याचे नाव कोणी दुसराच घेऊन चालला आहे, हे तिला माझ्याआधी कळले. मी एम. ए. आहे, ती निरक्षर आहे.

म्हणून त्या सुट्टीत मी भाच्याशेजारी बसून 'छोटा भीम' पाहिला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या संस्थेच्या राजीव चिलका यांनी ही मालिका निर्माण केली आणि 2008 साली ती पोगो वाहिनीवर सुरू झाली. आपण कविता, आत्मकथने, नाटके यांची समीक्षा केली. वस्तीतले पोर ज्या कथेपुढे रोज बसते, तिला मात्र 'पोरखेळ' म्हणून सोडून दिले. हे सोडून देणे मला परवडणारे वाटत नाही.

एका भागाची घडण पाहा. ढोलकपुरात सर्व आलबेल असते. मग रानातून, आकाशातून किंवा शेजारच्या राज्यातून संकट येते. कधी डाकू, कधी राक्षस. प्रजा पळत सुटते. राजा इंद्रवर्मा भीमला हाक मारतो. भीम पहिल्यांदा मार खातो, मग टुनटुन मावशीचा लाडू तोंडात जातो, दंड फुगतात आणि शत्रू भिरकावला जातो. शेवटी राजा शाबासकी देतो. दहा-बारा मिनिटांत ढोलकपूर पहिल्यासारखे.

हे 'पहिल्यासारखे' महत्त्वाचे आहे. यामागे कारखान्याची सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. वाहिनी कोणताही भाग कोणत्याही दिवशी दाखवते. तेव्हा प्रत्येक भाग संपताना राजा सिंहासनावर आणि मावशी दुकानात असावीच लागते. पण सोयीतूनही विचार तयार होतो. ज्या गावाचे काहीच बदलू शकत नाही, त्या गावात अन्याय आतला असूच शकत नाही. तो बाहेरूनच यावा लागतो. ढोलकपुरात पाणवठा किती आहेत, एक की दोन, हा प्रश्न कोणत्याही भागाला पडत नाही.

गावात वाईट असा एकच पोरगा आहे, कालिया. हे नाव कालियानागावरून घेतले असेल किंवा आणखी कशावरून; मुलाच्या कानाला त्याचा एकच अर्थ लागतो. आमच्या शाळेतही काळ्या पोराला हीच हाक होती आणि ती मला होती.

राक्षसाचे तर विचारूच नका. तो कोण, कुठला, त्याचे रान कोणी तोडले, काही नाही. तो मार खाण्यासाठी जन्मतो. ही रीत पोगोने काढलेली नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यात लोणार आहे. उल्कापाताने झालेल्या त्या विवराची कथा अशी सांगतात की तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. मारणाऱ्याचे, दैत्यसूदनाचे, कोरीव मंदिर गावात उभे आहे. मरणाऱ्याच्या वाट्याला खारे पाणी. सहलीच्या मुलांना मंदिर दाखवतात. लवणासुर कोणाचा कोण होता हे एकाही मुलाने विचारलेले मी ऐकले नाही. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त नेमके हेच विचारले होते. वामनाच्या कथेत त्यांनी बळीकडून पाहिले आणि अवतार उघडा पडला. कथेची रीत उलटता येते, हे आपल्याला दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

अतिबलवान नायक म्हणजे प्रस्थापितांचाच चाकर, असेही मी म्हणत नाही. सुपरमॅन 1938 साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी रचला. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला आणि राजकारणी फिरवणाऱ्या दलालाला धरतो. खलनायक तिथे घरातला आणि सभागृहातला होता. आमच्या लहानपणी, 1997 साली, दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला. तो आम्ही दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिला. त्याचे वेषांतरातले नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. आमच्यातली पोरे शहरात खोली मिळवायला आडनाव लपवतात. या महाशयांना लपायला शास्त्र्याचे आडनाव मिळाले!

आता आमचा भीम. ढोलकपूरचा भीम नऊ वर्षांचा आहे. 1901 साली वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेला भीमही नऊ-दहा वर्षांचाच होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी तो प्रवास सांगितला आहे. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. भावंडांजवळ डबा भरलेला होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही आणि पोरे उपाशी झोपली. लाडू जवळ असूनही खाता येत नाही, अशी ही कथा. तिला ढोलकपुरात जागा नाही, कारण तिथे कोणत्याही दुकानाचा कोणताही लाडू कोणीही खातो.

महाडही त्या साच्यात बसत नाही. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी एका बलवानाने काढून दिले नाही. हजारो लोक तळ्यावर चालत गेले. शत्रू रानातून आला नव्हता. त्याने तळे गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतले. डिसेंबरात दावा लागला, 25 तारखेला मनुस्मृती जळाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. दहा वर्षांचा हा भाग, आणि प्रत्येक पुढचा दिवस मागचा लक्षात ठेवून चाललेला.

मग मुलांना दाखवायचे काय? बंदी घालून काही होत नाही. भाच्याला भीम आवडतो आणि त्याच्या आनंदाचा मला राग नाही. मी त्याच्यापुढे 'भीमायन' ठेवले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रंगवलेले हे पुस्तक 2011 साली प्रथम इंग्रजीत निघाले. त्यात चौकटींची कवायत नाही. गोड बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. म्हणजे राक्षसाला शिंगे नाहीत. तो बोलतो तेव्हाच ओळखू येतो. मुलांना इतकी सूक्ष्म गोष्ट कळणार नाही, अशी मला भीती होती. पोरांनी अर्ध्या तासात पुस्तकभर विंचू शोधून काढले.

भाचा अडला तो शाळेच्या पानावर. शिपाई आला नाही म्हणून भीमला पाणी नाही, हे त्याला पटेना. "मंग त्यानं सोताच का नाई घेतलं?" असे तो मला तीनदा विचारून गेला.