बंद पिशवीतला अंक

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केले. त्याचे जुने अंक जमवणारे आज मुखपृष्ठाची अवस्था बघून मोल ठरवतात आणि अंक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात. लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून तुटतो, हे खरे. पण एवढ्याने अंक जतन झाला, असे मला वाटत नाही.

लव्हक्राफ्टची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ मी प्रथम भयकथांच्या संग्रहात वाचली, ती विषारलेल्या विहिरीची कथा म्हणून. सप्टेंबर १९२७ च्या मूळ अंकात, विज्ञानकथांच्या शेजारी ती वाचताना उल्केच्या तुकड्यावरचे निष्फळ प्रयोग मध्यवर्ती वाटू लागले. मजकूर तोच, शेजार बदलला, तसा कथाप्रकार बदलला.

त्याच मासिकात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापत. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि विज्ञानकथेचा संघटित वाचकवर्ग उभा राहिला. कथासंग्रहांत ही पाने येत नाहीत. ती फक्त अंकातच आहेत. आणि कधीच न उघडलेला अंक समीक्षेच्या दृष्टीने रद्दीत गेलेल्या अंकाइतकाच हरवलेला असतो.