परीक्षा ॲपची, की पाहण्याची?

आजचा विषय तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही, पण फिरून आपण तिथेच येणार आहोत.

मध्यंतरी एका वस्तुसंग्रहालयाने आम्हां पाच ज्येष्ठांना बोलावलं. प्रेक्षकांसाठी ॲप तयार होत होतं, त्याचा कच्चा नमुना हातात दिला. निम्मी बटणं चालत नव्हती; तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं. कामं ठरवून दिलेली: दालन शोधा, वस्तूची माहिती ऐका, पुढच्या वस्तूकडे जा. शेजारी एक तरुणी वेळ मोजत उभी. "काका, मनात येईल ते मोठ्याने बोला हं."

आमच्यातल्या एक बाई तिसऱ्या कामावर अडल्या. समोर पितळी अडकित्ता होता. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, काचेशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आजीच्या अडकित्त्यावर असाच मोर होता. पण अंगठा लागून लागून त्याची चोच झिजली होती. हा मोर अगदी शाबूत आहे. हा रोजच्या वापरातला नसावा, मिरवण्यातला असावा." चार मिनिटं गेली. नोंद झाली, काम अपूर्ण.

आमची टीका या नोंदीवर आहे, त्या मुलीवर नाही. अशी चाचणी हवीच. जेकब नील्सन यांचा प्रसिद्ध हिशोब आहे: एका माणसाला सरासरी ३१ टक्के दोष सापडतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. ठीक आहे. पण दोष कशातले? पडद्यावरचे. वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये जे घडतं किंवा घडायचं राहतं, ते या हिशोबात येतच नाही.

आता थोडं मागे जाऊ. १९१६ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका माणसाला वस्तूंविषयी प्रश्न दिले होते आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, किती ओणवं व्हावं लागतं, याची छायाचित्रं घेतली होती. 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयातला थकवा, ही चर्चा तिथून पुढे चालत आली. बघा, चाचणी त्यांनीही घेतली. पण दोष काचपेटीच्या मांडणीत शोधला, माणसात नाही. आणि प्रश्न होते ते वस्तूविषयी!

ब्रुकलिन म्युझियमने २०१५ मध्ये 'आस्क' हे ॲप आणलं. प्रेक्षकाने कलाकृतीपुढे उभं राहून प्रश्न टाइप करायचा आणि संग्रहालयातल्या जाणकारांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. ते खर्चिक होतं, कारण उत्तर द्यायला माणसं लागायची. पण त्यात एक गोष्ट बरोबर पकडली होती. प्रश्न विचारायचा तर आधी समोरचं नीट पाहावं लागतं.

म्हणजे मुद्दा साधन आणि साध्य यांचा आहे, आणि इथे आम्ही आमच्या जुन्या घरी पोचतो. साधनाची परीक्षा साधनाच्याच मापाने घेतली, की साध्य गुपचूप बदलतं. 'पुढच्या वस्तूकडे किती लवकर गेला' हे यश ठरलं, तर थबकणं हा दोष होतो. आणि संग्रहालय बांधलं कशासाठी? माणसाने थबकावं म्हणून ना?

आम्ही त्या मंडळींना एवढंच सुचवलं: चाचणी संपली की फोन परत घ्या आणि विचारा, "तुम्ही काय पाहिलंत?" ज्याला एकही वस्तू सांगता येणार नाही, त्याची सगळी कामं पूर्ण झाली असली तरी ॲप नापास धरा.

सूचना लिहून घेतली गेली. बाईंच्या नावापुढचं 'अपूर्ण' मात्र तसंच राहिलं. मोराच्या चोचीबद्दल त्या जे बोलल्या, ते लिहायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.